शाश्वत घड्याळ आणि त्याचा नाशवंत धनी

ज्या वस्तूचे मोल तिच्या उपयोगाहून शतपट अधिक, ती बाळगणे नीतीस धरून आहे काय? या जुन्या प्रश्नाच्या विचारास स्वित्झर्लंडच्या घड्याळजींनी एक उत्तम उदाहरण पुरविले आहे. शाश्वत दिनदर्शिकेचे मनगटी घड्याळ हे ते होय. महिना तिसांचा की एकतिसांचा, फेब्रुवारी अठ्ठाविसांचा की एकोणतिसांचा, हे ते आपले आपण ओळखते.

जिनीव्हाच्या पाटेक फिलिप या पेढीने १९२५ साली ही करामत प्रथम मनगटावर आणली. तिचे मर्म एका लहानशा चाकात आहे. ते चार वर्षांत एक फेरा पुरा करते. त्याच्या कडेवर ४८ महिन्यांचा हिशेब उंचसखल खाचांनी कोरलेला असतो. जितकी खाच खोल, तितका महिना आखूड. एक तरफ ही खोली चाचपून महिनाअखेर तारीख पुढे सारते.

तथापि या शाश्वतीस मर्यादा आहे. ग्रेगरीच्या १५८२ च्या सुधारणेप्रमाणे ज्या शतकवर्षास ४०० ने भाग जात नाही, ते लीप वर्ष नव्हे. २००० होते, २१०० नसेल. चार वर्षांच्या चाकास हे ठाऊक नाही. म्हणून त्या वर्षी फेब्रुवारी सरताच अशा बहुतेक घड्याळांची तारीख कोणास तरी हाताने सुधारावी लागेल. आज घड्याळ घेणारा प्रौढ गृहस्थ त्या वेळी नसेल.

दुसरी मर्यादा याहून निकटची आहे. किल्ली वा हाताची हालचाल न मिळाल्यास काही दिवसांतच हे यंत्र थांबते. मग वार, तारीख, महिना सारे पुन्हा जुळवावे लागते.

आता उपयुक्ततेची सबब सांगण्यात अर्थ नाही. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइको पेढीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस काढले. पुढे अचूक वेळ अल्प मोलात मिळू लागली. कोणी म्हणेल, अशा खरेदीने कारागिरांचे कुटुंब पोसते. हे खरे आहे. परंतु भाव चढेल या आशेने घड्याळ तिजोरीत कोंडणाराही तेवढीच मजुरी देतो. त्याच्या तिजोरीतली शाश्वत तारीख मात्र आठवड्याच्या आत मेलेली असते.

आमच्या मते दोष किमतीत नसून या कोंडण्यात आहे. भुकेल्याचे ऋण कोणत्याही घड्याळाने फिटत नाही, हे उघड आहे. ते आधी फेडावे. त्यानंतर ज्यास हे घड्याळ घ्यावयाचे असेल, त्याने ते वापरावे, त्याची निगा राखावी आणि २१०० सालची दुरुस्ती करणाऱ्या हाती ते चालते सोपविले जाईल अशी तजवीज करावी. अशा मनुष्यास आम्ही विलासी म्हणणार नाही. तो त्या वस्तूचा धनी कमी आणि राखणदार अधिक असतो.