प्रीति आणि दोरी

ज्या मुक्या प्राण्यावर आपण जीव लावितों, त्याला दोरीनें बांधून नेणें हें प्रीतीला शोभतें काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न आहे, तो असा कीं, जें आपलें आहे त्याच्या सुखासाठीं, जें आपलें नाहीं त्यास आपण किती त्रास द्यावा? ह्याचा विचार एका उदाहरणावरून करूं.

अमेरिकेच्या वायव्य भागांत, वॉशिंग्टन राज्यांत, कॅस्केड नांवाची पर्वतांची रांग आहे. तिच्या एका भागांत लहानमोठीं मिळून 700 हून अधिक तळीं असून, 1976 सालीं कायदा करून तो रानप्रदेश राखून ठेविला आहे. सिअ‍ॅटल शहरापासून सुमारें 50 मैलांवर तेथें स्नो लेक म्हणून एक तळें आहे. जाऊन येऊन सुमारें 7 मैलांची पायवाट. ती प्रथम उंच सूचिपर्णी वृक्षांच्या रानांतून चढत जाते, मग एक खिंड ओलांडून तळ्याकडे उतरते. सुटीच्या दिवशीं मित्रमंडळी आपापले कुत्रे बरोबर घेऊन सकाळीं निघतात, तळ्याकांठीं शिदोरी सोडतात व संध्याकाळीं परततात. नियम असा कीं, कुत्रा दोरीनें बांधलेला असावा. त्याच रानांतील एन्चांटमेंट्स नांवाच्या भागांत तर, जेथें पांढऱ्या रानबकऱ्या कड्यांवर चरतात, कुत्र्यांस मुळींच मज्जाव आहे. आणि त्याच पर्वतरांगेंतील माउंट रेनिअर राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक सर्व पायवाटांवरही त्यांस नेतां येत नाहीं.

पुष्कळांस हें कठोर वाटतें. ते म्हणतात, “धांवणें हाच कुत्र्याचा धर्म. आठवडाभर घरांत कोंडलेल्या जिवाला एक दिवस तरी मोकळें रान मिळूं नये काय?” हें म्हणणें तुच्छ मानूं नये. मोकळा सुटलेला कुत्रा ज्या आनंदानें पळतो तो आनंद खरा आहे, आणि ज्यास त्याचें मोल कळत नाहीं त्यानें कुत्रा पाळूंच नये. परंतु त्या आनंदाची किंमत कोण देतो, हेंही पाहिलें पाहिजे.

आपला कुत्रा किती गरीब आहे, हें हरिणीला ठाऊक नसतें. कुत्रा लांडग्याच्या वंशांतला. त्याचा वास आला कीं ती जीव घेऊन पळते, आणि गवतांत लपविलेलें पाडस एकटें राहतें. जमिनीवर घरटें करणारी पक्षीण उडून जाते, आणि अंडीं उघडीं पडतात. कुत्र्यानें कोणासही दांत लाविला नाहीं. धनी म्हणतो, “त्यानें कांहीं केलें नाहीं.” परंतु अंडीं गार पडलीं तीं पडलींच.

रोग तर डोळ्यांस दिसतही नाहीं. 1994 सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या रानांत, कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर नांवाच्या रोगानें सुमारें एक तृतीयांश सिंह मेले. तो रोग भोंवतालच्या गांवांतील कुत्र्यांपासून आला असावा, असें तज्ज्ञांचें मत झालें. 2018 सालीं आपल्या शेजारीं, गुजराथेंतील गीरच्या रानांत, वीसांहून अधिक सिंह थोड्याच आठवड्यांत दगावले, आणि त्यांतील कित्येकांच्या अंगांत ह्याच रोगाचे विषाणु सांपडले.

शिवाय मंडळी मोठी झाली म्हणजे सावधगिरी कमी होते. एकटा कुत्रा धन्याकडे वळून पाहतो. चार मिळाले कीं एकमेकांच्या जोरावर पाठलागास निघतात. धन्यांचेंही तसेंच आहे. प्रत्येकास वाटतें, दुसऱ्याचें लक्ष असेल. आणि सर्वांचें राखण तें कोणाचेंच राखण होत नाहीं. अरुंद वाटेवर समोरून एखादें मूल भिऊन मागें सरतें, तेव्हां “भिऊं नको, तो चावत नाहीं,” असें सांगून आपण मोकळे होतों. परंतु त्या मुलाचें भय आपल्या शब्दानें जात नाहीं. दोरी आंखडून घेतली म्हणजेच जातें.

आतां कुत्र्याचेंच हित पाहूं. त्याला कड्याची धार कळत नाहीं, बर्फगार पाण्याचें बळ कळत नाहीं; आणि “मी थकलों” असें तो कधींही म्हणत नाहीं. तळवे सोलले तरी तो धन्याच्या मागें चालत राहतो. जो आपल्याला नाहीं म्हणूं शकत नाहीं, त्याच्या वतीनें नाहीं म्हणण्याचें काम आपल्यावर येतें. दोरी हातांत असली म्हणजे ती केव्हां ताणते व केव्हां सैल पडते, ह्यावरून त्याचा दम आपल्याला समजतो. म्हणजे बांधला जातो तो एकटा कुत्रा नव्हे. दोरीचें दुसरें टोंक धरणाराही बांधला जातो.

तेव्हां ज्या प्रीतीला आपल्या माणसाचें व आपल्या जनावराचेंच सुख दिसतें, ती प्रीति खोटी नव्हे, पण अर्धी आहे. आपल्या लाडक्याकडून परक्यास काय सोसावें लागतें, हें जी मोजते तीच पुरी. जेथें दोरी पुरत नाहीं, तेथें त्याला घरीं ठेवून जाणें हेंही प्रीतीचेंच काम होय.

वाचकहो, आपल्यांपैकीं कितीएकांचीं गांवें रानाला लागून आहेत. सरपणासाठीं किंवा गुरांमागें निघालें कीं घरचा कुत्रा बोलाविल्यावांचून मागें येतो. त्याला वेळेवर लस टोंचून घ्यावी, विणीच्या दिवसांत रानांत मोकळा सोडूं नये, आणि जेथें वनखात्याची मनाई असेल तेथें नेऊं नये. ज्या पाडसाला आपण कधीं पाहणार नाहीं, त्याच्यासाठीं आपला हात आवरणें, ह्यांत दयेची खरी परीक्षा आहे; कारण तेथें आभार मानणारा कोणी नसतो.