बॉनेटचा काळा

‘काळा तो काळाच, त्यात निवडायचं काय?’ जुन्या अमेरिकी मसल कारच्या बॉनेटला मॅट काळा द्यायचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच, आणि ते दर वेळी खटकतं. छटेपुरतं ते बरोबरही असेल. पण इथे निवड छटेची नसते, चकाकीची असते. चकाकी मोजता येते: साठ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकायचा आणि समोर किती परततो ते पाहायचं. गुळगुळीत काळ्या काचेला १०० मानलं, तर साधारण १० च्या आत येतो तो मॅट. दोन-तीनवरचा ठार मॅट आणि पंधरा-वीसचा साटिन एकाच गाडीला दोन वेगळे चेहरे देतात.

मॅट काळ्याचं रूढ कारण सगळ्यांना ठाऊक आहे. लांबलचक बॉनेटवरून उसळणारं ऊन चालकाच्या डोळ्यांत जाऊ नये, हे ते कारण. ते खोटं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानांच्या उघड्या ॲल्युमिनियमवर वैमानिकासमोरचा पट्टा याचसाठी निस्तेज रंगाने रंगवत, आणि साठच्या दशकातल्या रॅलीच्या गाड्यांची बॉनेटंही त्याच हेतूने काळी झाली. या कामाच्या काळ्याला एकच नियम पुरतो: चकाकी जितकी कमी तितकं बरं. पण कामाचा काळा वेगळा आणि खुणेचा काळा वेगळा. १९६९च्या फोर्ड मस्टँग बॉस ३०२वर लॅरी शिनोडा यांनी बॉनेटबरोबर हेडलाइटभोवतीच्या खोबणी आणि डिकीचं झाकणही काळं केलं. तिथल्या उन्हाने चालकाचे डोळे कसे दिपणार? १९७०च्या प्लिमथ एएआर कुडाच्या तर दोन्ही बगलांवरून काळे पट्टे धावतात. शिवाय अगदी तिरप्या उन्हात मॅट पृष्ठभागही चमकतो. मावळतीकडे जाताना डांबरी रस्ता कसा उजळतो ते आठवावं. चालक बॉनेटकडे पाहतो तो याच तिरप्या कोनातून. म्हणजे ऊन सर्वांत त्रासदायक असतं नेमकं तेव्हाच कामाचा काळा कमी पडतो.

मग ही खूण कशाची? शिनोडांचं आयुष्य पाहिलं की थोडा उलगडा होतो. कॅलिफोर्नियात वाढलेला हा जपानी वंशाचा मुलगा महायुद्धात कुटुंबासह मॅन्झनारच्या छावणीत डांबला गेला. पुढे त्याने हॉट रॉड बांधून शर्यती लढवल्या, जनरल मोटर्समध्ये कॉर्व्हेट स्टिंग रेच्या आरेखनात वाटा उचलला आणि १९६८मध्ये तो फोर्डकडे आला. हॉट रॉडवाल्यांच्या त्या जगात नुसत्या प्रायमरवर पळणाऱ्या गाडीची कोणाला लाज नव्हती. पैसा आधी इंजिनात घालायचा, रंगाचं मागाहून बघता येतं. १९६९च्या मध्यावर आलेल्या, तीन कार्ब्युरेटर आणि ४४० घनइंची इंजिन असलेल्या प्लिमथ रोड रनर आणि डॉज सुपर बीचं फायबरग्लासचं काळं बॉनेट याच वृत्तीचं आहे. त्याला बिजागऱ्याच नव्हत्या. चार कोपऱ्यांतल्या पिना काढायच्या आणि ते अख्खं उचलून बाजूला ठेवायचं. हा भाग मिरवायला नाही, आतल्या इंजिनापर्यंत पोचायला आहे, असं तो मॅट काळा सांगतो. मात्र हे सांगणं कळतं ते शेजारच्या चकचकीत फेंडरमुळे. सगळीच गाडी मॅट केली तर खूण उरतच नाही.

इथे मूळपणाचा आग्रह धरणारा जाणकार आडवा येतो. कारखान्यातून निघताना जी चकाकी होती तीच हवी, पुढे चर्चा नको, असं तो म्हणतो. त्याच्या चिकाटीमुळे कितीतरी गाड्या विद्रूप होण्यापासून वाचल्या आहेत, हे आधी मान्य करतो. पण मॅट रंगाचा स्वभावच त्याला साथ देत नाही. या रंगात बहुधा सिलिकाची बारीक भुकटी असते. द्रावक उडून थर आकसला की तिच्या कणांमुळे पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरतो. हा खडबडीतपणा घासला की गेला. चकचकीत रंगावरचा हलका ओरखडा रबिंग-पॉलिशने निघतो. मॅटवर तेच केलं तर चमकता डाग पडतो, टचिंगही लपत नाही आणि अख्खं बॉनेट पुन्हा मारावं लागतं. चकचकीत रंग जपून टिकवता येतो, मॅट नव्याने देऊनच टिकतो. त्यातून क्रायस्लरने काही गाड्यांच्या काळ्या भागांना ऑर्गॅनोसोल हे भट्टीत तापवून पक्कं करायचं व्हिनाइलचं लेपन वापरलं होतं, आणि रंगकामाच्या साध्या गॅरेजात तशी भट्टी नसते. अशा वेळी आजचा दोन घटकांचा युरेथेन मॅट वापरणं ही प्रतारणा नाही.

आणि मूळचंच हवं, तर प्रश्न बॉनेटपाशी थांबत नाही. फोर्ड आणि क्रायस्लर त्या काळी ॲक्रिलिक इनॅमल वापरत, जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर. वर वेगळा क्लिअर कोट नसे. आज पुनर्बांधणीत बहुधा युरेथेन क्लिअरचे हात चढवतात आणि पाण्याने घासून, पॉलिश करून आरशासारखे सपाट करतात. अशा बॉडीशेजारी मूळ आकड्याचा काळा ठेवला तर तो १९६९मध्ये दिसत होता त्याहून निर्जीव दिसतो, स्कूपच्या कडा आणि बॉनेटचा मधला उठाव गिळून टाकतो. बॉनेटचा आकडा काटेकोर मोजणारा आग्रही फेंडरच्या या जादा चकाकीकडे दुर्लक्ष करतो, हा माझा त्याच्यावरचा खरा आक्षेप आहे. बॉडी अजून रंगवायची असेल तर तिची चकाकी इनॅमलइतकीच ठेवावी आणि मग बॉनेटला मूळचा मॅट द्यावा. हा मार्ग अवघड, पण माझ्या मते जास्त सच्चा. बॉडीवर क्लिअर चढून झालं असेल तर ठार मॅटचा हट्ट सोडून साटिनकडे एक पायरी चढावं. त्यासाठी दोन-तीन पत्र्यांवर वेगवेगळ्या चकाकीचे नमुने मारून ते फेंडरला लावून भर दुपारी आणि कलत्या उन्हात पाहावेत. प्रदर्शनातला परीक्षक अशा साटिनला गुण कापेलही. त्याच्या वहीत मूळ चकाकीचा रकाना एकट्या बॉनेटपुरता असेल, तर ते गुण खुशाल जाऊ द्यावेत.