शक्तीप्रमाणे तप

“काकू, आज्जी सात दिवस पाण्यावर हाय. बीपी खाली गेलंय, चालताना तोल जातोय, तरी गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्या पाया पडायला येत्यात. आणि मी एक इंजेक्शन मागितलं तर तुम्ही माझ्या आईला फोन लावते म्हणताय. शरीराला त्रास तिनं दिला तर तप, आणि मी दिला तर पाप?”

माझ्या काउंटरवर भाद्रपदात एका मुलानं विचारलेला हा प्रश्न. दशलक्षण पर्व चालू होतं आणि नेमका उत्तम तपाचा दिवस होता. मी दिगंबर जैन घरातली, आणि व्यवसायानं फार्मासिस्ट. जयसिंगपुरात आमचं मेडिकल आहे. प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याच दारात आलेला. मुलगा उद्धट नव्हता, खरोखर अडलेला होता, म्हणून त्याला उत्तरही खरं मिळायला हवं.

आधी औषधाचं सांगते. त्याला हवं होतं मेफेंटरमाइन. ऑपरेशनसाठी पाठीच्या मणक्यात भूल दिली की काही पेशंटांचा रक्तदाब एकदम पडतो. तो सावरायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात, तेही मॉनिटरवरून नजर न हलवता. मुलं ते व्यायामाला जाण्याआधी स्वतःच टोचून घेतात. नाडी धावते, थकवा कळेनासा होतो, मणभर वजन हलकं वाटतं. स्नायू मात्र त्यानं गुंजभरही वाढत नाही. पुढं त्याच्याशिवाय जिमची पायरी चढवत नाही, झोप उडते, कुणाकुणाला भास होतात, कोणीतरी मागं लागलंय असं वाटतं, आणि एखाद्याच्या हृदयाचा ठेकाच बिघडतो. सांगली-कोल्हापूर भागात हे इंजेक्शन चोरून विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

दुसरी तऱ्हा खऱ्या स्टेरॉइडची. डेका, टेस्टो, डी-बॉल ही नावं मुलांच्या तोंडी इतकी सराईत असतात, की एखाद्याला वाटावं खेळाडूंचीच नावं घेताहेत. ‘सायकल चालू आहे’ म्हणजे आठ-दहा आठवड्यांचा कोर्स चालू आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायला कायद्यानं बंदी आहे, पाकिटावर तशी सूचनाही छापलेली असते, तरी ती मुलांपर्यंत पोचतात: कुणाच्या बॅगेतून, कुरिअरनं, ‘भाऊ’च्या ओळखीनं.

शरीरात काय होतं ते मी मुलांना कागदावर काढून दाखवते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती वृषणांना निरोप धाडते, त्यावर टेस्टोस्टेरॉन तयार होतं, शुक्राणू तयार होतात. बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन आलं की ती निरोप धाडायचं थांबवते. वृषणं आकसतात, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. जादा हार्मोनपैकी काहीचं इस्ट्रोजेन बनतं आणि मुलाच्या छातीत गाठ धरते. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. गोळ्या असतील तर यकृतालाही झळ पोचते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं घेतलं तर हाडांची वाढीची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथंच थांबते.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. उसाचा उतारा वाढावा म्हणून आपण नदीकाठच्या काळ्या जमिनीला पाटानं पाणी पाजत राहिलो, युरियाची पोती ओतत राहिलो, आणि हजारो एकर क्षारपड झाले. पहिली काही वर्षं ऊस डोक्यावर गेला होता, हेही खरंच होतं.

पण ‘प्रकृतीला धोका आहे’ एवढ्यानं त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. त्याच्या आजीच्या प्रकृतीलाही धोका होताच. आणि समजा, उद्या काहीही अपाय न करणारं औषध निघालं, तर? मग माझा आक्षेप संपतो का?

इथं मला 1996 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेला एक प्रयोग आठवतो. शालेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. धडधाकट पुरुषांचे चार गट केले. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतं खोटं इंजेक्शन. दोन्हींतल्या निम्म्यांना वजनं उचलायला लावली, निम्म्यांना व्यायाम करू दिला नाही. खोटं इंजेक्शन घेऊन इमानानं व्यायाम करणाऱ्यांचं चरबी वगळता वजन सरासरी दोन किलोच्या आसपास वाढलं. औषध घेऊन काहीच न करणाऱ्यांचं तीन किलोंहून अधिक. औषध आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलोंच्या वर. बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढं गेला!

हे आकडे मुलांना कळले तर ती मोहात पडतील असं एका डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मला उलट वाटतं. आकडे लपवले तर मुलं आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. ‘स्टेरॉइडनं काही होत नाही, नुसतं पाणी भरतं’ असं आपण म्हणायचं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मित्राचा दंड फुगायचा. औषध काम करतं. म्हणूनच प्रश्न गंभीर आहे. मेहनतीवाचून अंग मिळत असेल, तर मेहनत कशासाठी होती?

याचा विचार करताना माझे पाय कुंभोजच्या बाहुबलीकडं वळतात. आमच्याकडच्या प्रत्येक जैन मुलानं ती 28 फुटांची उभी मूर्ती पाहिलेली असते. लहानपणी मान वर करून, पुढं फोटोसाठी. मूर्तीचं अंग कधी नीट न्याहाळलंय का? खांदे रुंद, हात गुडघ्यांपर्यंत सरळ सोडलेले. पण दंडावर बेडकी नाही, पोटावर चौकटी नाहीत, कातडीखालची एक शीर दिसत नाही. श्रवणबेळगोळची 57 फुटांची मूर्ती तर एका सहस्रकाहून जुनी, तिथंही हेच. आणि हा कोण? भरत चक्रवर्तीला दृष्टियुद्धात, जलयुद्धात आणि मल्लयुद्धात हरवणारा, सावत्र मोठ्या भावाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरणारा. आपल्या पुराणातला सगळ्यांत ताकदवान पैलवान, आणि शिल्पकारानं त्याच्या अंगावर ताकदीची एकही खूण कोरली नाही. वेली मात्र कोरल्या, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढलेल्या.

बाहुबलीनं भावाला आपटलं नाही. खाली ठेवलं, आणि राज्य सोडून निघून गेला. मला या कथेत विजयापेक्षा तो क्षण मोठा वाटतो, जेव्हा हातात पूर्ण ताकद आहे आणि ती कुठं थांबवायची हे त्या हातांनाच ठाऊक आहे. ही जाण इंजेक्शनातून येत नाही, कारण इंजेक्शनाचं कामच थांबण्याची सूचना बंद पाडण्याचं आहे. मेफेंटरमाइन थकवा झाकतं. स्टेरॉइड ग्रंथीला गप्प करतं. शरीर ‘आता पुरे’ म्हणतं तेव्हा ते आपल्याशी बोलत असतं. सहाव्या बैठकीला मांडी थरथरते, साठाव्याला थरथरते, आणि साधक त्या दोन थरथरींतला फरक ओळखायला शिकतो. मेहनत होती ती यासाठी. दंड हे तिचं एक फळ आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं फळ नव्हे.

आता आजीकडं येते, कारण मुलाचा प्रश्न तिच्यापाशी अडला होता.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बीपी मोजलं, फारच खाली होतं. चातुर्मासासाठी गावात आलेल्या माताजींना कळवलं. माताजी आल्या, आजींच्या शेजारी बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “शक्ती संपली आजी, उद्या पारणं करा.” आजी रडल्या. दहाचा संकल्प होता, तीनच राहिले होते, पाहुण्यांना सांगून झालं होतं. माताजींनी सोळाकारण भावनांतल्या शक्तितस्तपाची आठवण दिली: तप सांगितलंय ते आपापल्या शक्तीच्या मापानं, शेजारणीच्या मापानं नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं मुगाचं पाणी केलं आणि आजींनी ते घेतलं. नातू दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.

मला सापडलेला फरक तो हाच. उपवासही शरीराला कष्ट देतो, यात वाद नाही. पण तो चारचौघांत, नियम घेऊन, कुणाच्या तरी देखरेखीखाली होतो, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेलं माणूस शेजारी असतं. ते माणूस नसेल, उपवास फ्लेक्सवरच्या फोटोसाठी असेल, किंवा घरातली बाई घेरी येऊन पडली तरी संकल्प मोडू नये म्हणून सगळे गप्प बसत असतील, तर तो उपवास आणि ती सायकल यांत मला काही अंतर दिसत नाही. हे आमच्या समाजातल्या काहींना टोचेल. टोचू दे. आमच्या शास्त्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे: कषायांच्या भरात, बेसावधपणे जीवाला केलेली इजा. तो जीव दुसऱ्याचाच असला पाहिजे, अशी अट मला कुठं दिसली नाही. सुई बाथरूममध्ये कडी लावून टोचली जाते, आईपासून लपवून, डॉक्टरांपासून लपवून. त्या कडीमागं सावध कोण असतं?

तालमीत पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह मला होतो. माझे वडील तालमीतले; पहाटे जोर-बैठका, हौद्यातली माती उकरणं, वस्तादांचा हात पाठीवर पडला की थांबायचं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तेव्हापासून कोल्हापूरच्या मातीचा अभिमान आमच्या रक्तात आहे. पण माती हे कवच नव्हे. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथॅन्डिएनोनच्या चाचणीत सापडला. मुलांची डी-बॉल ती हीच. आपल्या खाण्यात कुणीतरी ते मिसळलं असं तो सांगत राहिला, देशातल्या यंत्रणेनं त्याला निर्दोष ठरवलं, तरी आंतरराष्ट्रीय लवादानं चार वर्षांची बंदी घातली. खरं काय घडलं यावर मी निवाडा देणार नाही. तो पैलवान मुंबईहून रिओपर्यंत गेला आणि मॅटवर न उतरता परतला, एवढंच मुलांना सांगते.

आणि मग खुराकाबद्दल बोलते, कारण ‘घेऊ नको’ म्हणून कुणाचं पोट भरत नाही. “आमच्यात अंडं चालत न्हाई, मग प्रोटीन आणायचं कुठनं?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. वजनाच्या दर किलोमागं साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं व्यायाम करणाऱ्याला पुरतात, त्यापुढं फारसा फायदा होत नाही, असं अभ्यास सांगतात. साठ किलोच्या मुलाला म्हणजे 95 ग्रॅमच्या आसपास. एक लिटर दुधात तीसेक ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोया चंक्समध्ये पंचवीस. शंभर ग्रॅम हरभऱ्यात वीस. मूठ-दोन मूठ शेंगदाण्यांत बारा. राहिलेलं आमटी-भाकरीत निघतं. हे सगळं आपल्याच शिवारात, आपल्याच गोठ्यात आहे, आणि सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घरातही बसतं. वजन हळूहळू वाढवायचं, त्याच स्नायूला मध्ये एक-दोन दिवस विश्रांती द्यायची, रात्री आठ तास झोपायचं. महिन्यात काही दिसत नाही. वर्षात दिसतं. मुलांना वर्ष फार लांब वाटतं. लग्नाच्या सिझनला, गणपतीच्या मिरवणुकीला टीशर्ट ताणून बसला पाहिजे असतो. त्या घाईत मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी ‘हडकुळ्या’ म्हणून चिडवलेलं असतं, आणि ते घरातल्याच कुणीतरी.

मेहनतीनं कमावलेल्या अंगालाही गर्व चिकटतोच. बाहुबली वर्षभर निश्चल उभा राहिला तरी मनात एक शल्य राहिलं होतं, की आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत. भरतानं येऊन वंदन केलं तेव्हा कुठं ते निघालं. हाताची ताकद सोडणं त्याला जमलं, मनातला भाऊ सोडायला वर्ष लागलं. आमच्या पोरांकडून मी त्याहून जास्त कशी मागू?

ज्यांची सायकल आधीच सुरू झाली आहे त्यांच्या आयांना मात्र एक सांगायचं आहे. पाकीट सापडलं तर रागानं फेकून देऊ नका. काय आणि किती घेतलं हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. हार्मोनच्या डॉक्टरांकडं, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडं न्या. मिरज-कोल्हापूर काही लांब नाही. लिपिड, लिव्हर, हिमोग्लोबिन, टेस्टोस्टेरॉन तपासतील, गरज वाटली तर हृदयाची इको करतील. औषध थांबल्यावर त्याचं स्वतःचं हार्मोन परत सुरू व्हायला महिने लागतात, कुणाला वर्षही. त्या काळात अंग उतरतं, मन त्याहून खाली उतरतं, आणि काही मुलांच्या डोक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. तेव्हा टोमणे मारू नका, जेवायला शेजारी बसवा, रात्री त्याला एकट्याला खोलीत झोपवू नका, आणि असं काही बोलला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडं घेऊन जा.