विरजण

आमच्या पैठणात घरातले विरजण संपले, की वाटी घेऊन शेजारी जायचे. दिल्याने शेजारणीचे दही आटत नाही आणि नेणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. गाण्याचेही तसेच असते, असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो. एका म्हातारीने ही समजूत हलवली.

माझ्या एका कादंबरीतली नायिका पहाटे दळताना ओव्या म्हणते. त्या ओव्या आमच्या आळीतल्या एका आजींच्या. लहानपणी त्यांच्या जात्याच्या घरघरीनेच मला जाग येई. पुस्तकाची वाहवा झाली. ओव्यांची तर विशेष. एके दिवशी आजींच्या नातीने त्यांना ते पान वाचून दाखवले. पुढे भेट झाली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बाळा, ववी समद्यांचीच असती. पर ह्यातली एक म्या माज्या थोरलीच्या माघारी जुळविली व्हती. तेवढी तरी इचारून घ्यायची."

मी मान खाली घालून नाथांच्या वाड्याकडे वळलो.

नाथांनी तरी काय केले होते? सोळाव्या शतकात दारोदार फिरणाऱ्या वासुदेवाचे, जोश्याचे, गोंधळ्याचे गाणे उचलले आणि त्यात परमार्थ भरला. तेच भारूड. पुढे तमाशात गौळण रंगली. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त कीर्तनातली साकी-दिंडी रंगभूमीवर आली. सातासमुद्रापलीकडेही हेच. अमेरिकेतल्या गोऱ्या खेडुतांचे म्हणून जे 'कंट्री' संगीत ओळखले जाते, त्यातल्या बँजोचे मूळ आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांकडे. 1927 साली जिमी रॉजर्सची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्याच्या गाण्यांत काळ्यांचे ब्लूज मिसळलेले होते. 1962 साली रे चार्ल्स या काळ्या गायकाने कंट्रीचीच गाणी आपल्या ढंगात गायिली. विरजण पुन्हा शेजारी गेले!

मग माझेच चुकले कुठे?

1584 साली नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिच्यात कुणी आपली ओवी घुसडू नये, असे बजावले. आपले दुसऱ्याच्या नावावर खपवू नये, हे ते जाणत होते. आणि दुसऱ्याचे घेतले, तेव्हा भारुडाच्या माथ्यावर 'वासुदेव', 'जोगवा', 'गोंधळ' हीच नावे राहिली. शेवटी स्वतःचे नाव आले, तेही 'एका जनार्दनी' असे, गुरूच्या नावाला बिलगून. घेतले सारे उघड्यावर. मी मात्र शेजारची वाटीच आपल्या फडताळात लपवली होती.

"पुढच्या आवृत्तीत तुमचे नाव घालतो," असे मी आजींना सांगितले.

"माजं नगं," त्या म्हणाल्या, "तिचं घाल."

या दिवाळीत फराळाला बसल्यावर तुमच्याही घरी कुणी एखादे जुने गाणे गुणगुणेल. ते कुणाकडून आले, एवढे विचारून ठेवा.