अपप्रेरणा आणि न केलेले कर्तव्य

गुन्हा करणारा एक आणि त्याला तो करायला लावणारा किंवा त्यात हातभार लावणारा दुसरा, हा भेद फौजदारी कायद्याने फार पूर्वीच मान्य केला असून, या दुसऱ्याच्या वर्तनासाठी मराठी विधिभाषेत ‘अपप्रेरणा देणे’ हे क्रियापद रूढ आहे. गती देणे या अर्थाच्या ‘ईर्’ धातूला ‘प्र’ उपसर्ग लागून प्रेरणा आणि तिला हीनत्वदर्शक ‘अप’ जोडून अपप्रेरणा, अशी त्याची घडण आहे. ज्या इंग्रजी ‘अबेट’साठी हा शब्द योजला गेला, त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, कुत्रे अंगावर सोडण्याच्या क्रियेत असून त्यामागचा नॉर्स शब्द ‘चावायला लावणे’ या अर्थाचा आहे. मराठीत कुत्र्याला ‘छू’ करतात, ती हीच क्रिया. दोन्ही शब्दांत कोणीतरी काहीतरी करतो हे गृहीत आहे, त्यामुळे समोर अन्याय चालू असता कर्तव्य सोडून गप्प बसणारा त्यांच्या मूळ अर्थात सापडत नाही.

कायदा या मूळ अर्थाच्या पुढे गेला. मेकॉलेच्या विधी आयोगाने 1837 मध्ये मसुदा दिलेली आणि 1860 मध्ये संमत झालेली दंड संहिता कलम 107 मध्ये अपप्रेरणेचे तीन प्रकार सांगत होती: चिथावणी, कट आणि उद्देशपूर्वक साहाय्य. यांतील साहाय्य कृतीने होते तसेच बेकायदेशीर अकृतीनेही, म्हणजे जे करणे कायद्याने बंधनकारक आहे ते न केल्यानेही होते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 45 ने हीच व्याख्या कायम ठेवली आहे.

या तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी भागात स्पष्ट होते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढून नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीविरुद्ध जुन्या ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी 1945 मध्ये उठाव केला. तरीही आगाऊ रकमेने माणूस बांधून घेण्याची रीत संपली नाही. पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब मालकाकडून उचल घेते, आठवड्याच्या खर्चाला मिळणारी रक्कम त्याच खात्यावर चढते, आणि हिशेब मालकाच्या वहीत असल्यामुळे हंगामाअखेर कर्ज फिटले की वाढले हे मालकच ठरवतो. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने असे बंधन रद्द केले, कलम 20 नुसार अपप्रेरणा देणाऱ्यास मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा ठेवली, आणि कलम 12 नुसार वेठबिगारी चालू आहे का याची चौकशी करणे हे जिल्हा दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले. मग मजूर पुरवणारा मुकादम जसा या व्याख्येत येतो, तसा तक्रार हाती पडूनही चौकशी न करणारा अधिकारी का येऊ नये? उद्देश सिद्ध व्हावा लागतो, हे खरे. पण लेखी तक्रार दप्तरी दाखल झाल्यावर अज्ञानाची सबब उरत नाही, आणि माहिती असूनही वारंवार केलेली टाळाटाळ हा उद्देशाचा पुरावा मानला गेला पाहिजे.

अडचण खरी येते ती वांगणीसारख्या ठिकाणी. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात 1992-93 मध्ये कुपोषणाने बालके दगावली आणि हे नाव राज्यभर पोचले. पण तेथे मूळ गुन्हाच नोंदण्याजोगा नसल्याने अपप्रेरणेचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण अंगणवाडीतला आहार तेव्हा केवळ सरकारी योजनेचा भाग होता. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला मोफत आहाराचा वैधानिक हक्क दिला, त्यामुळे तो न पुरवणे ही आज निश्चितपणे कायद्याविरुद्धची अकृती आहे. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल मात्र दुसऱ्या तालुक्यात, ही स्थिती दरवर्षी येते व ती यंत्रणेला ठाऊक असते. तरीही जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने शिफारस केलेला दिलासा वाजवी कारणाशिवाय न देणाऱ्या लोकसेवकासाठी या अधिनियमात तरतूद आहे ती पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची.