अधिकार कशावर?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकात श्रीभगवंतांनी अर्जुनास त्याचा अधिकार कोठे आहे व कोठे नाही, हे स्पष्ट सांगितले आहे. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. हा श्लोक कित्येक घरांतून नित्य म्हटला जातो. परंतु प्रातःकाळी तो म्हणणारा गृहस्थ कचेरीत जाऊन खुर्चीवर बसला, की 'अधिकार' या शब्दाचा अगदी निराळा अर्थ धरून चालू लागतो. आपल्या हाताखाली किती माणसे आहेत, शेवटची सही कोणाची, बढतीच्या यादीत कोणाचे नाव वर, यालाच तेथे अधिकार म्हणतात. शब्द तोच, पण गीतेतील अर्थ मनुष्यास कामाकडे नेतो आणि कचेरीतील अर्थ त्याला कामापासून दूर नेतो.

व्याकरणशास्त्रात 'अधिकारसूत्र' नावाचा सूत्रांचा एक प्रकार आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी असे एक सूत्र येते. ते अवघ्या एका शब्दाचे आहे, आणि त्याचा अंमल पाचव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत चालतो. आपल्या जागी ते स्वतःचे असे काहीच कार्य साधीत नाही. पुढील शेकडो सूत्रांत उतरून त्यांना अर्थ पुरविते. शास्त्रकारांच्या दृष्टीने अधिकार तो हा. ज्याच्यामुळे मागून येणाऱ्यांचे काम सार्थ होते, तो अधिकारी.

हा अर्थ सुटला म्हणजे काय होते, ते महाभारतात पाहावे. उद्योगपर्वात भीष्म कौरवसेनेतील वीरांची गणना करतात. कोणी रथी, कोणी अतिरथी, असे सांगत ते कर्णाशी येतात आणि भर सभेत त्यास 'अर्धरथ' ठरवितात. द्रोणही त्यास दुजोरा देतात. कर्ण संतापतो व भीष्म जिवंत असेपर्यंत आपण शस्त्र धरणार नाही, असे बोलून दाखवितो. युद्धाचे पहिले दहा दिवस, भीष्म पडेपर्यंत, तो रणांगणापासून दूर राहिला. पुढे शरशय्येवरील भीष्मांना तो एकांती भेटला, तेव्हा त्यांनी त्याच्या पराक्रमाची मुक्तकंठाने स्तुती केली आणि आपण कठोर बोललो ते त्याचा आवेश उतरावा म्हणून, असे सांगितले. मने निवळली, पण गेलेले दिवस परत आले नाहीत. दुर्योधनाचा पक्ष अधर्माचा होता, हे खरेच. तथापि ज्याचे अन्न खाल्ले त्याचे कार्य मानापमानासाठी दहा दिवस बाजूस ठेवले गेले, हेही तितकेच खरे.

आजच्या कचेरीत शस्त्र खाली ठेवल्याचे कोणी बोलून दाखवीत नाही, एवढाच भेद. दोन अधिकाऱ्यांचे बिनसलेले असते. एकाने पाठविलेल्या कागदावर दुसरा 'चर्चा करावी' असा शेरा मारतो. चर्चा होत नाही आणि फाइल पडून राहते. त्या फाइलीत एखाद्या मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन असते. तिला दोघांपैकी कोणाचेही नाव ठाऊक नसते. मुलांच्या शाळेची फी भरावयाची असते, वाण्याची उधारी थकलेली असते. दोघांच्या मानासाठी चाललेल्या या युद्धात घाव मात्र तिच्यावर बसतात. कचेरीतील कलहास 'आपसांतील गोष्ट' म्हणणाऱ्याने या तिसऱ्या माणसाचे स्मरण ठेवावे.

या कलहाचे मुख्य शस्त्र म्हणजे चहाडी. सोळाव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना अहिंसा, सत्य, अक्रोध यांच्याच पंक्तीस भगवंतांनी 'अपैशुन' बसविले आहे. एकाचे छिद्र दुसऱ्यापुढे उघडे करणे म्हणजे पैशुन, असे श्रीशंकराचार्यांचे भाष्य आहे. येथे ते छिद्र खरे की खोटे, याचा प्रश्नच नाही. सहकाऱ्याची खरीखुरी चूकही वरिष्ठाच्या कानी हळूच घातली, तर ते पैशुनच होय. खोटे बोलत नाही म्हणून आपण निर्दोष, असे मानणाऱ्याने हा सूक्ष्म विचार अवश्य करावा.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? गीतेचा तसा उपदेश नाही. अर्जुनास तर युद्धास उभे राहण्याचीच आज्ञा झाली. प्रश्न मार्गाचा आहे. सरकारी सेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, ती बरी असो वा वाईट, त्यास कळविली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. ती नोंद जाणून तिच्याविरुद्ध निवेदन करता यावे, हा त्यातील हेतू. न्यायालयाने सांगितले ते अपैशुनाच्या तत्त्वाशी जुळणारेच आहे. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला ते दाखविता आले पाहिजे. म्हणून तक्रार करावयाची तर ती लेखी, सहीनिशी, योग्य स्थानी करावी. आणि तिचा निकाल लागेपर्यंत हातातील काम थांबवू नये.

युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञातील कामांची वाटणीही ध्यानात आणण्याजोगी आहे. राजांनी आणलेले नजराणे स्वीकारण्याचे मानाचे काम दुर्योधनाकडे होते. श्रीकृष्णांनी ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम घेतले. मोठे काम मिळूनही दुर्योधनाचे लक्ष त्या कामावर नव्हते. ते पांडवांच्या वैभवावर होते, आणि तो मत्सराने जळत हस्तिनापुरास परतला. पाय धुणाऱ्यास अग्रपूजेचा मान मिळाला. तेव्हाही शिशुपालाने वडीलकीचा आणि योग्यतेचा वाद काढलाच. ती सभा आणि आजची कचेरी यांत फारसे अंतर नाही.

म्हणून नोकरी करणाऱ्या गृहस्थाने सायंकाळी देवापुढे दिवा लागल्यावर दोनच गोष्टी मनाशी तपासाव्यात. आज कोणाविषयी असे काही बोललो काय, जे त्याच्या समक्ष बोललो नसतो? आणि आज कोणाचे काम माझ्या रुसव्यामुळे अडले काय? अडले असेल, तर उद्या कचेरीत गेल्याबरोबर तोच कागद प्रथम हाती घ्यावा. अठराव्या अध्यायात भगवंतांनी स्वकर्मानेच ईश्वराची पूजा करावयास सांगितले आहे. ती पूजा तेथून सुरू होते.