उपासनेच्या पुस्तकात कोणती गीते असावी?

शहाड येथे विठ्ठलाचे मोठे मंदिर आहे. आषाढीस तेथे चालणारा टाळमृदंगाचा घोष आसपासच्या ख्रिस्ती घरांतही ऐकू जातो. त्याच सायंकाळी त्या घरची माणसे प्रार्थनेस बसली व त्यांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचे स्तवन केले, तर ते उचित होईल काय?

हा प्रश्न आपल्या वडिलांपुढेही होता. नगरकडील मंडळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलेसे केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली. तथापि त्यांची पदे 'उपासना संगीता'त आजही आहेत. विलायतेत टॉपलेडी व वेस्ली यांचे मतभेद किती कडवट होते! तरी टॉपलेडीचे गीत वेस्लीचे अनुयायी गातातच.

म्हणून चाल किंवा कवीचे भांडण ही कसोटी नव्हे, असे आम्हांस वाटते. गाणे आत्म्याने तसेच बुद्धीनेही व्हावे, असे पौलाने करिंथकरांस सांगितले. ही कसोटी लावली तर इंग्रजी सुरात बसविण्यासाठी मराठी शब्दांची ओढाताण केलेली कित्येक भाषांतरेच प्रथम अडखळतील!

परंतु खरी अडचण पुढेच आहे. जिला वाचता येत नाही अशा म्हातारीचे पुस्तक म्हणजे तिचे पाठांतर. समितीने कडवे गाळले की तिच्या पुस्तकाचे पान फाटते. शब्द बदलणे हे पाप नव्हे. चार्ल्स वेस्लीच्या १७३९ च्या नाताळगीताची पहिली ओळ व्हाइटफील्डने १७५३ साली बदलली व जग तीच गाते. पण बदलताना विचारावे कोणास? समितीत पाळक असतात, संगीतज्ञ असतात. ज्यांस सर्वाधिक गीते मुखोद्गत, त्यांस सहसा कोणी विचारीत नाही. पुस्तक उघडून गाणाऱ्यांस हे सुचतही नसावे.

गीत गाळण्यापूर्वी चार गावी ते पुस्तकावाचून गाऊन पाहावे. शिक्षणच चुकीचे असेल तर प्रिय गीतही काढावे लागेल. हे आम्ही जड मनाने लिहितो. मात्र त्या म्हातारीस ते रविवारी मंदिरात, सर्वांदेखत कळू नये. पाळकाने आधी तिच्या घरी जावे, तिच्या तोंडून ते गीत एकवार ऐकावे व मग कारण सांगावे.